नाशिक परिसरातील रेड वाइननिर्मिती आणि सेंद्रिय पद्धतीची कसोटी

प्रस्तावना

इटलीच्या तोस्काना प्रांतातील डोंगरउतारावरील लहान मळ्यांमध्ये रासायनिक खते व कृत्रिम कीटकनाशके टाळून रेड वाइन तयार करण्याची पद्धत आज चांगलीच रुजली आहे. नाशिक जिल्ह्यातही वाइननिर्मिती स्थिरावली आहे. सुला विनयार्ड्सची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि निफाड तालुक्यातील विंचूर येथे वाइन पार्क उभे राहिले. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा तोस्कानातील सेंद्रिय पद्धत नाशिकमध्ये जशीच्या तशी राबविता येईल काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मळा, तळघर आणि शेतकऱ्याचे अर्थकारण या तीन अंगांनी केला आहे.

वेलीचे दोन वेळापत्रक

तोस्कानामध्ये हिवाळ्यात वेल पूर्णपणे विश्रांती घेते. वर्षातून एकदा छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी होते. नाशिकची वेल मात्र सदाहरित राहू पाहते. तिला शिस्त लावण्यासाठी वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर फुटणाऱ्या काड्यांमध्ये पुढील हंगामाची सूक्ष्म घडनिर्मिती होते. पावसाळा ओसरताना फळछाटणी केली जाते आणि शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों यांसारख्या वाणांची काढणी जानेवारी ते मार्च या काळात होते.

या वेळापत्रकाचा परिणाम असा की, ज्या काड्यांवर पुढचे पीक अवलंबून असते त्यांचीच पाने संपूर्ण पावसाळा झेलतात. केवडा, करपा व भुरी हे बुरशीजन्य रोग याच काळात बळावतात. फळछाटणीनंतरची कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते. नोव्हेंबर २०२३ मधील गारपीट व अवकाळी पावसाने निफाड परिसरातील बागांचे मोठे नुकसान झाले, हे ताजे उदाहरण आहे. रोगाचा हा दाब केवळ आपल्याकडेच आहे, असे नाही. त्याच २०२३ मध्ये पावसाळी वसंत ऋतूमुळे इटलीतही केवड्याने पिकाची मोठी हानी केली. परंतु तेथे जे अपवादाने घडते, ते येथे दरवर्षीचे आहे.

तांब्याचा हिशोब

सेंद्रिय शेतीत केवड्याविरुद्धचे प्रमुख साधन म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रेंच शास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्धीस आणलेले मोरचूद व चुन्याचे हे मिश्रण आपल्या शेतकऱ्यांनाही परिचित आहे. ते ‘सेंद्रिय’ म्हणून मान्य असले, तरी निर्धोक नाही. तांबे जमिनीत साठत जाते आणि गांडुळे व सूक्ष्मजीव यांना घातक ठरते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरीने वर्षाला ४ किलो तांबे, अशी मर्यादा घातली.

ही मर्यादा नाशिकच्या संदर्भात तपासून पाहू. एक टक्का तीव्रतेच्या १०० लिटर मिश्रणात एक किलो मोरचूद असते व त्यात सुमारे २५० ग्रॅम तांबे असते. हेक्टरी ५०० लिटर फवारल्यास एका फवारणीत सव्वा किलो तांबे जमिनीवर व पानांवर पडते. याचाच अर्थ, तीन फवारण्यांतच वर्षाची मर्यादा जवळपास संपते आणि पावसाळा तर चार महिन्यांचा असतो. तीव्रता निम्मी केली तरी सहा फवारण्यांपलीकडे जाता येत नाही. त्यामुळे मोकळी हवा खेळेल असा वेलींचा विस्तार, अनावश्यक फुटींची वेळेवर विरळणी, ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त बुरशींचा वापर आणि हवामानाच्या अंदाजानुसार फवारणी यांवरच खरी भिस्त ठेवावी लागते.

तळघरातील रसायन

रेड वाइनमध्ये द्राक्षाचा रस सालीसह आंबविला जातो. सालीतील रंगद्रव्ये व टॅनिन रसात उतरावीत म्हणून साधारणतः २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात किण्वन होते. वर तरंगणारा सालींचा थर वरचेवर रसात दाबला जातो किंवा तळाचा रस त्यावर फिरविला जातो. त्यानंतर चोथा पिळून वेगळा केला जातो. पुढे दुग्धाम्लजनक जीवाणूंमार्फत तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होते आणि वाइन टाकीत किंवा ओकच्या पिंपात मुरते.

या प्रवासात वाइन बिघडू नये म्हणून गंधकाचा डायऑक्साइड वापरला जातो. युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमांनुसार कोरड्या सेंद्रिय रेड वाइनमध्ये त्याचे एकूण प्रमाण लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंतच चालते. सर्वसाधारण रेड वाइनसाठी ही मर्यादा १५० मिलिग्रॅम आहे. येथे सामूचा प्रश्न निर्णायक ठरतो. मुक्त गंधक डायऑक्साइडचा जो अंश प्रत्यक्ष जंतुरोधक असतो, तो ३.२ सामूला सुमारे चार टक्के, तर ३.८ सामूला जेमतेम एक टक्का असतो. म्हणजेच सारखेच संरक्षण मिळविण्यास पहिल्या वाइनला १५ मिलिग्रॅम पुरत असतील, तर दुसरीला सुमारे ६० मिलिग्रॅम लागतात.

नाशिकमध्ये फळ पिकते ते तापमान चढत असताना. उष्णतेत मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडते. पालाशचे शोषण अधिक झाल्यास सामू आणखी वाढतो. त्यामुळे गंधकाची गरज तळघरात निर्माण होत नाही, ती मळ्यातच ठरते. काढणीची तारीख, पहाटेची तोडणी, घडांवरील पानांची सावली, खुंटाची निवड आणि पालाशयुक्त खतांचा संयम हे सारे म्हणूनच सेंद्रिय वाइननिर्मितीचे घटक ठरतात.

शेतकऱ्याची जोखीम

भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून राबविला जातो. द्राक्षासारख्या बहुवर्षीय पिकास रूपांतरणासाठी तीन वर्षे द्यावी लागतात. या काळात उत्पादन घटण्याची शक्यता असते. पण ‘सेंद्रिय’ म्हणून वाढीव भाव मिळत नाही. तोस्कानात मळा, तळघर आणि बाटलीवरील नाव अनेकदा एकाच कुटुंबाचे असते. त्यामुळे आजचा तोटा उद्याच्या किमतीतून भरून काढता येतो. नाशिकमध्ये वाइनची बरीचशी द्राक्षे करारावर पिकविणाऱ्या शेतकऱ्यांकडून येतात. २००८ नंतर मागणी घटली, तेव्हा अनेकांना वाइनच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. वाइनची द्राक्षे खाण्यासाठी विकता येत नाहीत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, नाशिकमध्ये सेंद्रिय रेड वाइन अशक्य नाही; मात्र तिचा मार्ग तोस्कानाच्या अनुकरणातून जात नाही. तांब्याची मर्यादा आपल्या पावसाळ्याच्या आणि गंधकाची मर्यादा आपल्या उन्हाच्या संदर्भात नव्याने पाहावी लागेल. रूपांतरणाच्या तीन वर्षांचा भार करारातच वाटून घेतला गेला नाही, तर प्रमाणपत्र बाटलीवर दिसेल, परंतु त्याची किंमत एकट्या बागायतदाराने मोजलेली असेल. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, कृषी आणि अर्थशास्त्र हे चारही विषय या प्रश्नात एकत्र येतात. जमिनीतील तांबे, रसाचा सामू आणि हेक्टरी खर्च यांच्या हंगामनिहाय नोंदी जिल्ह्यातील महाविद्यालयांनी ठेवल्यास या निर्णयाला अनुमानाऐवजी स्थानिक पुराव्याचा आधार मिळेल.