चार घरांचं विसर्जन

आडवे शब्द, सात: 'दूर करणे, घालवून देणे'. समोर चार रिकामी घरं. मुरलेला कोडेबाज आधी उत्तर शोधतच नाही, चौथ्या घरात पेन्सिलीनं हलकेच 'न' लिहून ठेवतो. विसर्जन, उत्सर्जन, निर्मूलन, उच्चाटन; नकोशा गोष्टी घालवण्याची मराठीतली भारदस्त नामं बहुतेक 'न'वरच येऊन थांबतात. (बोळवण आणि विल्हेवाटही चार घरांचीच, पण तिथे खोडरबर काढावा लागतो.)

आपल्या कोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. त्यामुळे निकाल लावतं ते दुसरं घर. उभ्या शब्दातून 'स' आला तर विसर्जन, 'र्मू' आला तर निर्मूलन, 'च्चा' आला तर उच्चाटन.

आता खरी गंमत. विसर्जनाचं पहिलं घर पुसा. उरतं सर्जन! हा निव्वळ अक्षरांचा खेळ नाही. दोन्ही शब्द 'सृज्' या एकाच धातूचे, आणि त्याचा मूळ अर्थच सोडणे, बाहेर टाकणे. घडवणं आणि सोडून देणं, दोन्ही त्याच्याच पोटातून आलेली. उत्सर्जनाचं पहिलं घर पुसून मात्र सर्जन हाती लागत नाही. 'त्' शेजारच्या 'स'ला घट्ट चिकटलेला असतो.

हेच कोडं डोळ्यांनी सुटताना पाहायचं तर उत्तर कोलकात्यात बागबाजारला जावं. शेजारच्या कुमारटुलीत बांबू-गवताच्या सांगाड्यावर माती चढते आणि दुर्गा आकार घेते. बागबाजारच्या सार्वजनिक पूजेनं शंभरी कधीच ओलांडली आहे. दशमीला बायका देवीला आणि एकमेकींना शेंदूर लावतात, मग मूर्ती हुगळीत जाते. माती नुसती वाळवलेली, भाजलेली नाही. पाणी आत शिरलं की कण सुटे होतात आणि तिचा पुन्हा गाळ होतो. भट्टीत भाजली असती तर विरघळली नसती. सांगाडा बाहेर काढला तर पुन्हा कामाला येतो.

याच बागबाजारशी नाव जोडलेल्या 'अमृत बाझार पत्रिके'नं तर भाषाच पुसली. १८७८च्या मार्चमध्ये लॉर्ड लिटननं देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा आणला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. तोवर बंगाली आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघणारी पत्रिका आठवड्याभरात पूर्ण इंग्रजी झाली आणि कायदा हात चोळत बसला.

तेव्हा एक कोडं तुमच्यासाठी. 'पत्रिकेनं बंगालीला दिली', चार घरं, दुसरं अक्षर 'ड'. शेवटी 'न' लिहू नका.