हवेवर तोललेले फिरते घर

१९५७ च्या एप्रिल महिन्यात लंडनहून वीस प्रवाशांना घेऊन एक बस कोलकात्याच्या दिशेने निघाली. 'इंडियामॅन' हे तिचे नाव. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण आणि पाकिस्तान असा प्रवास करीत ती ५ जूनला कोलकात्यास पोहोचली. पुढे १९६८ पासून 'अल्बर्ट' नावाची एक जुनी दुमजली बस ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांमधील भूमार्गावर धावू लागली व कोलकाता हा तिच्या वाटेवरील एक मोठा मुक्काम ठरला. अल्बर्टमध्ये स्वयंपाकाची व निजण्याची सोय होती. बसचे तिने घर केले होते, आणि घर म्हटले की पाण्याच्या टाक्या, भांडी, अंथरुणे व सामान हे सारे ओघाने आलेच.

या दोन्ही गाड्यांचा भार पोलादी पाट्यांनी पेललेला होता. पाट्याचा स्वभाव सरळ असतो. जितके ओझे अधिक, तितका तो अधिक दबतो. त्यामुळे चाकाचा आस आणि त्यावरील चौकट यांमधील अंतर, म्हणजेच चौकटीची उंची, ओझे ठरवीत असे. चालकाला त्यात हात घालण्यास वाव नव्हता. पाटे दमले, गाडी एका अंगाला बसली, की कारखान्यात नेऊन पाटे बदलणे एवढाच उपाय.

हवेच्या झुल्याने हा संबंध तोडला. पाट्याच्या जागी जाड रबराचा व आतून धाग्यांनी बळकट केलेला फुगा बसवितात आणि त्यात दाबाखालील हवा भरतात. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५३ मध्ये लांब पल्ल्याच्या बसगाड्यांना असे फुगे दिले. निवृत्त झालेल्या अशा अनेक बसगाड्यांची पुढे लोकांनी फिरती घरे केली. त्याच कंपनीने १९७३ ते १९७८ या काळात खास फिरते घर म्हणूनच एक गाडी बनविली. आज तिची गणना जुन्या व जतन करण्याजोग्या गाड्यांत होते. कोलकात्याच्या वाचकाला मात्र हे तंत्र पाहण्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. शहरातील कमी उंचीच्या तळाच्या बसगाड्या आणि २०१९ पासून धावणाऱ्या विजेच्या बसगाड्या यांत हेच फुगे काम करतात.

समजा, एका फुग्यावर २,००० किलोग्रॅम भार आहे आणि भार पेलणारे त्याचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर आहे. तर आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६.७ किलोग्रॅम हवा. भार वाढला की दाब वाढवावा लागतो. उंची मात्र तीच राखता येते. हे काम एक लहानशी झडप करते. झडप चौकटीला जोडलेली असते व तिच्यातून निघालेली तरफ एका काडीने आसाला बांधलेली असते. चौकट खाली आली की तरफ वर ढकलली जाते आणि फुग्यात हवा शिरते. चौकट वर गेली की हवा बाहेर सुटते. थोडक्यात, पाट्याच्या गाडीत ओझे उंची ठरविते, तर हवेच्या गाडीत ओझे फक्त दाब ठरविते आणि उंची ती काडी ठरविते. काडीची लांबी एका पान्याने कमीजास्त करता येते. साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे. जी गोष्ट इतकी सहज बदलता येते, ती आपल्या सोयीनुसार बदलण्यास हरकत नसावी, असे मालकाला वाटू लागते.

गाडी उंच केली तर ती उलटेल, ही भीती सर्वप्रथम बोलून दाखविली जाते. ती खोटी नाही, पण तिचे माप पाहावे. दोन चाकांतील अंतर २ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर असेल, तर ताठ, न झुकणारी गाडी सुमारे ४० अंश कलल्यावर उलटेल. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर वर नेला तर हा कोन सुमारे ३९ अंशांवर येतो. वळणावर गाडी थोडी अधिक झुकेल, एवढेच. खरे नुकसान दुसरीकडे होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

सायकलचा पुढचा काटा उभा सरळ नसून मागे कललेला असतो, हे सर्वांनी पाहिले आहे. या कलामुळेच हात सोडले तरी पुढचे चाक सरळ राहू पाहते. मोटारीच्या पुढच्या चाकांची खुंटीही अशीच किंचित मागे कललेली असते. कारागीर या कोनाला कॅस्टर म्हणतात. वर सांगितलेल्या फिरत्या घराच्या २६ फुटी नमुन्यात पुढच्या चाकापासून मागच्या चाकांच्या जोडीच्या मध्यापर्यंतचे अंतर १६० इंच, म्हणजे सुमारे ४.०६ मीटर आहे. मागची बाजू ५ सेंटिमीटर उचलली की सारी गाडी ०.७ अंश पुढे वाकते आणि कॅस्टर तेवढाच घटतो. मुळात तो २ अंश असेल, तर एक तृतीयांशाहून अधिक गेला. मग गाडी सरळ रेषा धरीत नाही. तिच्या उंच, सपाट बाजूवर वारा आदळला, शेजारून मालट्रक गेला, की ती भरकटते. विद्यासागर सेतूवर हुगळीचा आडवा वारा घेताना अशी गाडी हाकणाऱ्याचे हात क्षणभरही स्थिर राहत नाहीत, आणि तासाभराने तो थकून जातो. दोष टायरला दिला जातो, स्टिअरिंगला दिला जातो. उंची कोणी मोजत नाही.

याच गाडीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. तिच्या मागील अंगास प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाके असून ती दोन भुजांवर बसविलेली आहेत. भुजांच्या मधोमध एक आडवा फुगा आहे. तो फुगला की मागचे अंग वर येते. पुढे मात्र हवा नाही. तेथे टॉर्शन बार, म्हणजे भाराने पिळली जाणारी पोलादी सळई आहे. ही सळई वर्षानुवर्षांच्या भाराने थोडी सैल पडते व गाडीचे नाक खाली येते. मागची बाजू उचलणे आणि पुढची बसणे, दोहोंचा परिणाम एकच. म्हणून मागच्या झडपेला हात लावण्यापूर्वी पुढची उंची तपासावी.

टॉर्शन बार कोलकात्याला अपरिचित नाही. शेजारच्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या अँबॅसडरला पुढे याच सळया आणि मागे पाटे होते. पूजेच्या दिवसांत मागे दाटीवाटीने माणसे बसलेली, डिकी सामानाने भरलेली पिवळी टॅक्सी ज्याने पाहिली, त्याला ओझ्याने ठरणारी उंची निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. तिचे नाक आकाशाकडे आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत.

उंचीचा दुसरा परिणाम चाकाच्या वरखाली होण्याच्या जागेवर होतो. चाकाला वर जाण्यास आणि खाली येण्यास ठरावीक अंतर दिलेले असते. चौकट फार उंच केली तर खाली येण्याची जागा संपते. चाक खड्ड्यात उतरताना धक्काशोषक ताणून अडकतो आणि चाकाची जमिनीवरील पकड क्षणभर सुटते. फार खाली केली तर फुग्यातील हवेला आकसण्यास जागा उरत नाही, झुला कडक होतो आणि आतील रबरी ठोकळ्यावर आपटतो. शिवाय स्टिअरिंगचा दांडा आणि चाक धरणाऱ्या भुजा आपापल्या वर्तुळात फिरतात. ही दोन वर्तुळे ठरलेल्या उंचीपाशीच एकमेकांशी जुळतात. उंची बदलली की प्रत्येक उंचवट्याबरोबर चाक आपोआप किंचित वळते. डांबर खचून वर आलेल्या ट्रामच्या रुळांवरून जाताना हे विशेष जाणवते.

बहुतेक हवेच्या बसगाड्यांत पुढे एक आणि मागे दोन अशा तीनच झडपा असतात. तिवई कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांचे टेबल डुगडुगते. त्याचेच हे तत्त्व. चारही कोपऱ्यांना स्वतंत्र झडपा दिल्या तर त्या एकमेकींशी झगडतात आणि तिरप्या कर्णावरील दोन चाकांवर अधिक भार येतो. ब्रेक लावताच अशी गाडी एका बाजूला ओढते.

कोलकात्यात उंची वाढविण्याचा मोह पावसाळ्यात होतो. ठनठनिया, कॉलेज स्ट्रीट या भागांत पाणी साचले की कोणालाही गाडी वर उचलावीशी वाटेल. ज्या बसमध्ये तशी कळ दिलेली आहे, तेथे पादचाऱ्याच्या वेगाने पाणी ओलांडण्यापुरते ते योग्यच आहे. काडी लांब करून कायमची उंची वाढविणे ही निराळी गोष्ट होय. याच ऋतूत दुसरी अडचण येते. दमट हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि टाकीत साचते. ते नियमाने काढले नाही तर झडपांना गंज चढतो, त्या अडकतात आणि एक अंग हळूहळू खाली जाते. आपण ज्याला उंचीचा दोष समजतो, तो पुष्कळदा या पाण्याचा असतो.

मोजणी सपाट जमिनीवर करावी, आणि गाडी प्रवासाला निघते त्या अवस्थेत करावी. १५० लिटरची टाकी भरली की १५० किलोग्रॅम वाढले. रिकाम्या घराचे माप प्रवासात उपयोगी पडत नाही. टायरमधील दाब आधी ठीक करावा. माप मडगार्डापासून जमिनीपर्यंत न घेता निर्मात्याने सांगितलेल्या चौकटीवरील खुणेपासून घ्यावे. थोडे अंतर सरळ चालवून, ब्रेक हलकेच लावून गाडी थांबवावी आणि मग मोजावे. वळून थांबलेली गाडी खोटे माप देते. आधी पुढची उंची, मग मागची, दोन्ही बाजू सारख्या, आणि चाकांच्या कोनांची जुळणी सर्वांत शेवटी. कोन आधी जुळवून नंतर उंची बदलणाऱ्याचे पैसे वाया जातात.

मापासाठी वा दुरुस्तीसाठी खाली शिरावयाचे असेल, तर चौकटीखाली भक्कम लोखंडी घोड्या लावल्याशिवाय शिरू नये. लाकडाचे सुटे ठोकळे किंवा केवळ जॅक पुरेसा नाही. फुगा फुटला किंवा नळी निसटली तर अनेक टनांची चौकट एका क्षणात खाली येते, आणि खाली असलेल्या माणसाला बाहेर सरकण्यास वेळ मिळत नाही.