मिठाला पाणी सुटलं की
(घरातली साठवण : लेखांक ७)

मे महिना सरत आला की कोळीवाड्यांत आगोटीची लगबग सुरू होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, म्हणून त्याआधीच काडे बोंबील, सुकट, सोडे, खारा बांगडा यांची बेगमी करायची. कफ परेडच्या मच्छीमार नगरात होड्या टॉवरांच्या पायथ्याशी लागतात. तिथल्या खोलीतल्या फडताळापुढे आणि समोरच्या टॉवरातल्या दोन दारी फ्रीजपुढे पावसाळ्यात प्रश्न मात्र एकच असतो : काय आत, काय बाहेर? ‘नाशवंत असेल ते फ्रीजमध्ये’ हे आपलं नेहमीचं उत्तर. ते चूक नाही, पण त्याने काही सुटतही नाही, कारण नाशवंत म्हणजे काय हेच तर ठरवायचं आहे. माझं म्हणणं असं की, जागा पदार्थाच्या नावावरून ठरत नाही. जंतूंच्या हाती लागेल असं पाणी त्यात किती उरलंय, यावरून ठरते. आणि मुंबईत हे पाणी जेवढं पदार्थातून येतं तेवढंच हवेतूनही येतं.

बोंबलाइतकं चोख उदाहरण दुसरं नाही. ताज्या बोंबलात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. वर्सोवा, अर्नाळ्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीवरच्या दोरीला टांगतात आणि उरलेलं काम ऊन-वारा करतो. हिशोब करून पाहा : एक किलो ताज्या बोंबलात पाणी सोडून उरतो तो ऐवज जेमतेम १०० ग्रॅम. पाणी १५ टक्क्यांवर आणलं तर हातात सुमारे १२० ग्रॅम काड्या येतात. मासा तोच, वरून काही घातलेलं नाही. तरी ताजा बोंबील ओट्यावर दुपारपर्यंत धड राहत नाही आणि सुका डब्यात महिनोन्‌महिने बसतो. शास्त्रज्ञ हे मोकळं पाणी ० ते १ अशा मापावर मोजतात. ताजा मासा ०.९८च्या वर. बहुतेक जीवाणूंची वाढ ०.९१च्या खाली थांबते, विषबाधेसाठी बदनाम असलेला स्टॅफिलोकॉकस मात्र ०.८६पर्यंत तग धरतो. नेहमीच्या बुरश्या ०.८०पर्यंत, काही चिवट बुरश्या ०.७०पर्यंत आणि अगदी हट्टी त्याच्याही थोड्या खाली. ०.६०च्या खाली कुणाचीच डाळ शिजत नाही. लोणचं, मुरांबा, खारवलेला मासा यांत पाणी दिसतं, पण मिठाने किंवा साखरेने ते धरून ठेवलेलं असतं. फ्रीज यातलं काहीच करत नाही. तो पाणी काढत नाही, बांधूनही ठेवत नाही. जंतूंचा वेग तेवढा कमी करतो.

वेग किती कमी होतो, याबद्दल आपल्या कल्पना जरा उदार आहेत. बर्फात पुरलेला मासा ० अंशाच्या आसपास असतो; घरचा फ्रीज नीट चालत असला तर ४ अंशांवर. फरक चारच अंशांचा, पण माशाच्या नासण्याचा वेग तेवढ्याने जवळपास दुप्पट होतो. म्हणजे ससून डॉकवर बर्फाखाली असलेला मासा घरी आणून नुसता फ्रीजच्या फळीवर ठेवला, तर त्याची सोय वाढत नाही, कमी होते. मासा उद्यावर टाकायचाच असेल तर चाळणीत बर्फावर, खाली भांडं ठेवून, वितळलेलं पाणी निथळू देत ठेवावा. बांगडा, तारली, कुपा यांच्या बाबतीत तर ही चैन नव्हे. यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं आणि मासा उबेत राहिला की जीवाणू त्याचं हिस्टामीन करतात. मग तोंड लाल होणं, अंगाला खाज, डोकं ठणकणं. लोक त्याला ‘मासा बाधला’ म्हणतात आणि ॲलर्जी समजून मोकळे होतात. ‘नीट उकळलं की काही होत नाही’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. जीवाणू उकळल्यावर मरतात, पण एकदा तयार झालेलं हिस्टामीन उकळूनही जात नाही आणि गोठवूनही जात नाही. वासाचा भरवसाही इथे धरता येत नाही, कारण वास यायच्या आधीच ते पुरेसं झालेलं असू शकतं.

आता फडताळाकडे वळू. घोटाळा खरा तिथेच आहे. फडताळ म्हणजे कोरडी जागा, असं आपण धरून चालतो. उघडा पदार्थ हळूहळू भोवतालच्या हवेशी जुळवून घेतो : हवेची आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यातलं मोकळं पाणी शेवटी ०.८५कडे सरकतं. जुलैत मुंबईची हवा सरासरी ८० टक्क्यांच्या वरच असते. म्हणजे मे महिन्यात कडकडीत वाळवलेली सुकट सैल झाकणाच्या डब्यात ठेवली, तर ती जुलैभर पाणी पीत राहते आणि बुरशीची हद्द कधी ओलांडली ते कळतही नाही. फडताळातली ही आर्द्रता ओळखायला वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही. प्रत्येक घरात ते आहे : मिठाची बरणी. मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की. बरणीत ओल धरली, चमच्याला गोळे चिकटू लागले, म्हणजे त्या फडताळातली हवा ७५च्या पुढे आहे. आणि चिवट बुरशीला ७०सुद्धा पुरतात. ज्या दिवशी मिठाला पाणी सुटतं, त्या दिवसापासून सैल झाकणाचं फडताळ हे नावाचंच फडताळ. (मीठदाणीत तांदळाचे दाणे टाकून आपण हे यंत्र बंद पाडतो, ही गोष्ट वेगळी.) खाऱ्या बांगड्याची कथाही याच आकड्याभोवती फिरते. मीठ पुरेपूर मुरलेला मासा ०.७५च्या जवळ असतो. तिथे नेहमीचे जंतू हरतात, पण मिठातच जगणारे काही जीवाणू उबेत वाढतात आणि माशावर गुलाबी झाक येते. ते खऱ्या थंडीत वाढत नाहीत. म्हणून खारा बांगडा पावसाळ्यात फ्रीजमध्ये गेलेला बरा, मग तो मिठात कितीही लोळवलेला असो.

‘आमच्या आजीकडे कुठे होता फ्रीज?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. भारतात बनलेला गोदरेजचा पहिला फ्रीज १९५८चा आणि चाळीत, कोळीवाड्यात तो पोचायला पुढे कित्येक वर्षं गेली. पण आजीचं घर म्हणजे आजचं घर उणे फ्रीज नव्हे. मासे रोज यायचे आणि रोजच संपायचे. उरलं तर आंबट कालवण रात्री पुन्हा उकळून ठेवायचं. आमसूल, चिंच, मीठ, ऊन या चौघांवर साठवण चालायची. मुळात तिने घरात आणलं तेच फ्रीज न लागणारं. आपण आठवड्याची मासळी एकदम आणतो, वाटलेलं ओलं खोबरं तीन दिवस पुरवतो आणि दाखला मात्र आजीचा देतो. शिवाय त्या काळी पोटाच्या दुखण्यांची कारणं कोणी शोधत नव्हतं, हेही विसरून चालणार नाही.

उलट टोकाचं उत्तरही ऐकू येतं : सगळंच फ्रीजमध्ये टाका, कटकट मिटली. पाव तिथे ठेवून पाहा. त्यातला स्टार्च फ्रीजच्याच तापमानाला सर्वांत भरभर घट्ट होतो आणि पाव बाहेर राहिला असता त्याहून लवकर शिळा लागतो. बटाट्यातला स्टार्च थंडीत साखरेकडे वळतो, केळं काळं पडतं, टोमॅटोची चव जाते. पण सुक्या माशाच्या बाबतीत मुद्दा निराळा आहे. सुकट फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही, वास सगळीकडे पसरू नये म्हणून डबा तेवढा घट्ट हवा. धोका आहे तो डबा रोज बाहेर काढून उघडण्यात. जुलैची दमट हवा गार सुकटीवर येऊन बसते आणि तिचं दव होतं, गार पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसं. आठवडाभर हे चाललं की थंड ठेवूनही सुकट ओली. त्यावर साधा उपाय म्हणजे एकेका वेळेच्या पुड्या बांधाव्यात आणि लागेल तेवढीच पुडी काढावी.

राहता राहिले ते अर्धवट वाळलेले बोंबील. मेअखेर एखादी वळवाची सर पडून जाते, माल घाईने उतरवावा लागतो आणि बाजारात वरून सुका दिसणारा बोंबील येतो. घरी आणल्यावर काडी दोन्ही हातांत धरून वाकवावी. टक्‌कन मोडली तर घट्ट झाकणाचा डबा आणि फडताळ. नुसती वाकली, मधला जाड भाग बोटाला थंड लागला, तर ती अजून सुका मासा झालेली नाही. ऊन असेल तर पुन्हा उन्हात, आभाळ भरलं असेल तर त्याच दिवशी फ्रीझरमध्ये.