धाकट्याची बोली, थोरलीची मुखत्यारी

घरात मूल बोलू लागले म्हणजे एरवी मितभाषी व हिशेबी असणारा गृहस्थही कचेरीतील सहकाऱ्यांपासून जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यापर्यंत ज्याला त्याला आपल्या अपत्याचा नवा शब्द ऐकवीत सुटतो, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरील सौजन्ययुक्त कंटाळा त्याला मुळीच दिसत नाही. या वेडाची थट्टा करणे सोपे आहे. मात्र ते ज्यांना जडले त्यांच्या नामावळीत चार्ल्स डार्विन याचेही नाव आहे, हे थट्टा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

१८३९ च्या डिसेंबरात डार्विनचा पहिला मुलगा विल्यम जन्मला, तेव्हापासून या शास्त्रज्ञ पित्याने मुलाच्या शिंका, उचक्या, राग, भय आणि हसू यांची टिपणे ठेवली; ते दप्तर सुमारे ३७ वर्षे तसेच पडून राहिले आणि १८७७ साली ‘माइंड’ या इंग्रजी नियतकालिकात त्याचा सारांश प्रसिद्ध झाला. बरोबर एक वर्षाचा असताना या मुलाने खाण्यासाठी ‘मम्’ असा शब्द आपण होऊन बनवला, असे त्यात अपूर्वाईने नमूद केलेले आहे. आपल्याकडची कोणतीही आजी तो ऐकताच वाटीत मऊ भात कालवायला उठली असती. परंतु त्या लेखातील मला अधिक प्रिय असलेल्या नोंदी निराळ्या आहेत. विल्यम साडेपंधरा महिन्यांचा असताना डार्विनने त्याच्या तान्ह्या बहिणीला वजनासाठी तराजूत घातले, आणि पोराच्या चेहऱ्यावर मत्सर स्पष्ट उमटला. पुढे सव्वादोन वर्षांचा झाल्यावर त्याच मुलाने जिंजरब्रेड नावाच्या आलेघातल्या गोड खाऊचा आपल्याजवळचा शेवटचा तुकडा त्या बहिणीला देऊन टाकला, आणि लगेच मोठ्याने स्वतःच्याच दयाळूपणाची वाखाणणी केली! वर्षाच्या आतबाहेर घडलेले हे स्थित्यंतर केवळ स्वभावाचे नव्हे. दान करताच त्याची दवंडी पिटण्याइतकी वाचा मध्यंतरी त्याच्या स्वाधीन झाली होती.

वाचेची ही तयारी पहिल्या शब्दाच्या पुष्कळ आधी, कानांत सुरू होते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी १९८४ साली दाखवून दिले की, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहाआठ महिन्यांची बालके हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांतील भेद सहज ओळखतात, आणि वर्षाची होत आली की तीच बालके त्या भेदाला बहुतांशी पारखी होतात. हिंदी घरांतील मुलांचा कान मात्र तो टिकवून धरतो. म्हणजे ‘ताक’ आणि ‘टाक’ वेगळे ओळखण्याची देणगी प्रत्येक मूल जन्मतः घेऊन येते, आणि आपल्या घरातले मूल ती केवळ हातची जाऊ देत नाही. जीभ मात्र कानाच्या कितीतरी मागून चालत असते. आमच्या धाकट्याचे काका ‘ताता’ झाले, पुस्तक ‘पुत्तक’ झाले, चप्पल ‘पप्पल’ झाली, आणि ‘र’ व ‘ळ’ हे दोन वर्ण तर त्याच्या राज्यातून हद्दपारच आहेत. गंमत अशी की, आपण काय उच्चारले याचा त्याला पत्ता नसला तरी दुसऱ्याने काय उच्चारले याचा पुरेपूर असतो. थोरली त्याला चिडवण्यासाठी “पप्पल कुठाय?” असे विचारते तेव्हा तो संतापाने मान हलवून “पप्पल नाई, पप्पल!” अशी दुरुस्ती करतो, आणि त्याच्या मते हे दोन शब्द अगदी भिन्न असतात. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० साली एका इंग्रजी मुलाच्या बाबतीत नेमके हेच टिपून ठेवले आहे. त्याचा तंटा प्लास्टिकच्या माशावरून झाला होता.

हम्मा, भूभू, माऊ, चिऊ, काऊ, भुर्र, बाऊ ही जी बाळबोली आपण लेकरांशी बोलतो, ती लेकरांनी निर्माण केली असा पुष्कळांचा समज असतो. ती असते मोठ्यांची, परंपरेने चालत आलेली, आणि व्याकरणाने बांधलेली. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने जगातील सहा भाषांच्या बाळबोलींची तुलना केली तेव्हा त्या सहांत मराठीला स्थान होते, आणि त्याच वर्षी आपल्या अशोक केळकरांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला. सोपी व्यंजने, अक्षरांची द्विरुक्ती आणि खाणे, झोपणे, पशुपक्षी, दुखापत यांपुरताच संसार, अशी या बोलीची ठेवण आहे. ज्या घरात आधीच एक मूल आहे तेथे या बोलीचा वारसा आजीकडून थेट धाकट्याकडे न जाता थोरल्याच्या हातून जातो. मॅरिलिन शॅट्झ आणि रोशेल गेल्मन यांनी १९७३ मध्ये असे दाखवले की, अवघी चार वर्षांची मुलेदेखील दोन वर्षांच्या मुलाशी बोलताना आपली वाक्ये आखूड व सोपी करतात, आणि मोठ्या माणसाशी बोलू लागताच ती पुन्हा लांबवतात. हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. आमची थोरली सहा वर्षांची, शाळेतल्या बाईंविषयी माझ्याशी बोलताना तिच्या वाक्याला ‘कारण’ आणि ‘पण’ यांची लांबलचक शेपटे असतात, आणि त्याच श्वासात धाकट्याकडे वळून ती “बाळ, बस. इथे. बस” असे फर्मान काढते.

या अधिकारातूनच तिच्याकडे मुखत्यारी आली. धाकट्याची काही विधाने अशी असतात की, जन्मदात्यांनाही त्यांचा अर्थ लागत नाही. “आ तू ता” असे तो कळवळून म्हणतो, आई पाण्याचा पेला पुढे करते, मी खेळण्यातली गाडी पुढे करतो, रडणे वाढत जाते, आणि मग खोलीतून थोरलीचा आवाज येतो: “त्याला खिडकीतला कावळा बघायचाय.” कावळा दाखवला की मामला निकालात निघतो. हे ज्ञान तिला कोठून होते? ती त्याच्याबरोबर जमिनीवर असते, त्याच्या उंचीवरून जग पाहते, आणि दिवसातील ज्या घटनांचा संदर्भ त्याच्या बोलण्याला असतो त्या तिच्या समक्ष घडलेल्या असतात. आम्हाला फक्त शब्द ऐकू येतात, तिला मागचे प्रकरण ठाऊक असते. प्रत्येक मुखत्याराप्रमाणे तीही कधीकधी अशिलाच्या नावावर स्वतःची मागणी घुसडते, हे खरे. बाळाला श्रीखंड हवे आहे असे ती सांगते तेव्हा पुरावा मागावा लागतो.

ताईच्या सहवासाची खूण धाकट्याच्या व्याकरणावर कशी उमटते, हे पाहण्याची सोय मराठीइतकी फार थोड्या भाषांत असेल. आमचा मुलगा “मी जाते”, “मी जेवते”, “मी नाई झोपनाल, मी खेलते” असे बेधडक बोलतो, कारण ‘मी’ म्हणणारी जी दोन माणसे दिवसभर त्याच्या कानांशी असतात ती आई आणि ताई. ज्या घरी थोरला भाऊ असतो तेथे धाकटी “मी जातो” म्हणत हिंडते, आणि पाहुणे हसतात. यात चिंतेचे यत्किंचितही कारण नाही. थोरलीला मात्र हा व्याकरणभ्रंश साहवत नाही. “जातो म्हण, तू मुलगा आहेस” असा तिचा तगादा चालतो, आणि तो आज्ञाधारकपणे “तू मुलगा आहेस” असे म्हणतो. ‘मी’ आणि ‘तू’ या सर्वनामांची ही अदलाबदल बालभाषेतील मोठे कोडे आहे, कारण हे शब्द बोलणाऱ्यागणिक मालक बदलतात. युरिको ओशिमा-ताकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसऱ्या क्रमांकाची मुले सर्वनामांच्या वापरात पहिलटांच्या पुढे आढळली. पहिल्या मुलाशी सारे त्यालाच उद्देशून बोलतात. दुसरे मूल आई आणि ताई यांचा आपसांतील संवाद तिसऱ्या जागेवरून ऐकते, तेव्हा ‘मी’ इकडून तिकडे आणि ‘तू’ तिकडून इकडे कसा फिरतो हे त्याला आपोआप दिसते.

“ताई त्याच्या वतीने बोलते, म्हणून तो बोलत नाही” असे कारण उशिरा बोलणाऱ्या मुलाविषयी घरोघर सांगितले जाते. त्यावर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, किंवा दोन वर्षे उलटूनही दोन शब्द आपण होऊन जोडता येत नसतील, तर प्रथम श्रवणाची तपासणी करून घ्यावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. मधातून वेखंड चाटवल्याने जीभ हलकी होते हा समज जुना आहे. पण वर्षाच्या आतील मुलाला मध मुळीच देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ बजावतात.

भावंडांचे सख्य जन्मतःच ठरलेले नसते, आणि त्यात आईबापांच्या बोलण्याचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे. ज्यूडी डन आणि कॅरोल केंड्रिक यांनी इंग्लंडात केंब्रिज परिसरातील ४० कुटुंबे दुसऱ्या मुलाच्या जन्माआधीपासून न्याहाळली. १९८२ साली त्यांचे पुस्तक निघाले. ज्या घरी आईने तान्ह्याविषयी थोरल्याशी एखाद्या माणसाविषयी बोलावे तसे बोलणे ठेवले होते, म्हणजे त्याला भूक लागली असेल का, तो का रडत असेल, आपण काय करू या, अशी मसलत केली होती, तेथे पुढे दोघांचे अधिक जमले. सल्ला विचारला गेला की मत्सराला थोडी बढती मिळून त्याचा कारभारी होतो. अर्थात मत्सर नाहीसा होतो असे नाही.

आमच्या धाकट्याच्या तोंडी विभक्तीचा प्रत्यय प्रथम आला तो फिर्यादीच्या निमित्ताने. “ताईने माल्लं”, असे त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून स्वच्छ सांगितले. ‘मंमं’ आणि ‘भुर्र’ यांच्या पलीकडचे हे पहिले सकारण वाक्य ऐकून आम्ही उभयता इतके हरखलो की, आरोपाचे गांभीर्य ध्यानी यायला उशीर लागला. शेवटी ताईला शिक्षा म्हणून पलीकडच्या खोलीत बसवले, तर फिर्यादीच दार ठोठावून “ताई पाहिजे” असे आक्रंदू लागला, आणि खटला काढून टाकावा लागला. ताईचे तेवढ्याने समाधान झाले नाही. आपण मारले नसून ढकलले, अशी तिने रीतसर जबानी दिली, आणि जिच्या पानापानांवर धाकट्याने तेलकट खडूच्या रेघोट्या ओढल्या होत्या ती चित्रकलेची वही पुराव्यादाखल जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली.