आजोबांच्या डब्यातली दोन काडतुसे

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी पितळेची भांडी माळ्यावरून खाली उतरतात. समया, निरांजने, तबक, पंचपात्र, सारा गोतावळा जमतो आणि आई चिंच-मीठ घेऊन बसते. यंदा त्या पसाऱ्यात एक पत्र्याचा डबाही आला. हा डबा माझ्या आजोबांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा. ते मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आले होते. डब्यात त्यांचे ‘इटली स्टार’ पदक, पलटणीचा एक पिवळा पडलेला फोटो आणि तळाशी दोन काडतुसे.

त्यांतले एक रिकामे. लहानपणी आम्ही भावंडे ते ओठाशी धरून शिट्टी वाजवीत असू. दुसऱ्याच्या तोंडाशी गोळी तशीच होती. ते काळपट, गंजल्यासारखे. “याला कितीही चिंच लावा, मेलं चकाकतच नाही,” असे आई दर दिवाळीला म्हणते. यंदा माझ्या मुलीने ते दोन्ही उलटे करून पाहिले आणि विचारले, “आई, यांच्या बुडावर काहीतरी लिहिलंय. ही कोणाची आद्याक्षरं गं?”

काडतूस हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, एवढे मला सांगता आले असते. पण मराठी शिकविणाऱ्या बाईला समोरची अक्षरे विचारावीत आणि तिला ती लागू नयेत, याहून मोठी नाचक्की कोणती? वरच्या मजल्यावरचे आप्पा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना खाली बोलावले.

आप्पांनी चष्मा लावला, पण अक्षरांकडे पाहिलेच नाही. प्रथम त्यांनी आईच्या हातातली चिंच बाजूला ठेवायला लावली आणि मुलीला दूर बसविले. “अक्षरं मागाहून वाचायची, बाई. आधी हे जिवंत आहे की मेलेलं, ते बघायचं.”

मग त्यांनी आम्हाला काडतुसाची घडण सांगितली. त्याचे भाग चार: मागे धातूची पुंगळी, तिच्या बुडात मधोमध बसविलेली टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बंदुकीची टाचणी टोपीवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते, तिचा वायू गोळीला पुढे ढकलतो. पुंगळी मागे राहते आणि बाहेर फेकली जाते. तेव्हा तोंडाशी गोळी नाही आणि टोपीवर खोलगट खूण आहे, तर ती उडालेली. आमची शिट्टी तशी होती.

“आता वाचा,” आप्पा म्हणाले. शिट्टीच्या बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरे होती, मध्ये कावळ्याच्या पायासारखा एक बाण, खाली ४२ आणि रोमन सात. के-एफ म्हणजे खडकीचा कारखाना. १८६९ साली निघालेला हा कारखाना आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. ४२ म्हणजे १९४२ साल. रोमन सात हा गोळीचा नमुना. ३०३ या नावाच्या रायफलीसाठी १९१० मध्ये तो स्वीकारला गेला. त्या गोळीचे वजन सुमारे सव्वाअकरा ग्रॅम. पोटात बहुधा कॉर्डाइट नावाची दारू असे. ती भुकटीची नव्हे, बारीक शेवयांसारख्या काड्यांची! सात आकड्यापुढे झेड हे अक्षर असते, तर दारू दुसऱ्या जातीची.

टोपीभोवती जांभळट रंगाचे पुसट कडेही दिसले. जांभळे म्हणजे साधी गोळी. लाल म्हणजे जाताना उजेडाची रेघ काढणारी, हिरवे म्हणजे चिलखत भेदणारी, निळे म्हणजे आग लावणारी. रणांगणावरच्या घाईत वाचीत बसायला सवड नसते, म्हणून रंगाची सोय.

“मग दुसऱ्यावर का काही कळत नाही?” मुलीने विचारले. आप्पांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. पुंगळ्यांची लांबी जवळजवळ सारखी, पण शिट्टीच्या बुडाची कडा खिळ्याच्या डोक्यासारखी बाहेर आलेली आणि दुसऱ्याला तशी कडाच नाही. बुडाजवळ नुसती खाच. “हे आपल्याकडचं नव्हे. हे शत्रूचं.”

त्यांनी मुलीकडून फ्रिजवरचे लोहचुंबक मागविले आणि हळूच पुंगळीजवळ नेले. ते चटकन चिकटले. चिंचेने ती का उजळत नव्हती, ते आईला साठ वर्षांनी कळले. ती पितळेची नव्हतीच, पोलादाची होती. महायुद्धात जर्मनीला तांब्याची चणचण पडली, तेव्हा तिथले कारखाने रोगण दिलेल्या पोलादी पुंगळ्या करू लागले. बुडावर चार बाजूंना चार खुणा होत्या. ए-यू-एक्स ही कारखान्याची सांकेतिक अक्षरे. माग्डेबुर्ग शहरातल्या पोल्टे कारखान्याची. कारखान्याचे नाव शत्रूला कळू नये म्हणून ही युक्ती. एस-टी म्हणजे पोलाद. एक आकडा त्या घाणीचा, म्हणजे एका वेळी केलेल्या मालाचा. आणि शेवटी ४३, हे साल.

रंगांचा अर्थ मात्र सीमा ओलांडली की बदलतो. इंग्रजांकडे हिरवे कडे चिलखतभेदी गोळीचे, तर जर्मनांकडे तेच हिरवे कडे साध्या जड गोळीचे. आपला कोश घेऊन परक्याची भाषा वाचायला गेले की जसा घोटाळा होतो, तसाच हा. म्हणून जाणकार एका खुणेवर विसंबत नाहीत. कडा, धातू, लांबी, अक्षरे, रंग, सगळ्यांचा मेळ बसला तरच निदान करतात.

गोळीचे टोकही ते पाहतात. आमच्या गोळीवर धातूचे आवरण टोकापर्यंत अखंड होते. शिसे उघडे असते तर गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तशी गोळी निघाली. शरीरात शिरली की ती पसरे आणि भयंकर जखम करी. १८९९ च्या हेग परिषदेने आपसांतल्या युद्धात अशा गोळ्या न वापरण्याचा ठराव केला, पण आपल्या त्या गावाचे नाव जगाच्या कोशांत जाऊन बसले ते बसलेच.

एवढे सांगून आप्पा थांबले. ते काळे काडतूस त्यांनी खिडकीच्या उजेडात धरले आणि बराच वेळ त्याची टोपी पाहिली. “बाई, इथे खूण आहे.”

टोपीवर बारीकसा खळगा होता. म्हणजे टाचणी पडली होती. कोणीतरी नेम धरून चाप ओढला होता आणि गोळी उडालीच नव्हती.

आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही. आईने पदराला हात पुसले. “अण्णा इटलीविषयी कधी बोलत नसत,” ती म्हणाली. “हा डबा मात्र कोणाला टाकू देत नसत.” समोर कोण होते, हे काडतूस आजोबांना कुठे मिळाले, त्यांनी ती खूण पाहिली होती का, यांतले काहीच त्या बुडावर लिहिलेले नव्हते.

“हे जास्तच धोक्याचं,” आप्पा म्हणाले. “खूण पाहून लोक समजतात, मेलेलं आहे. तोंडाशी गोळी असेपर्यंत तसं कधी धरू नये.” इतकी वर्षे आम्ही ते घासत होतो, उन्हात वाळवत होतो, पणत्यांच्या शेजारी ठेवीत होतो!

वाचकहो, आपल्या घरच्या डब्यातही आजोबा-पणजोबांची अशी आठवण असेल. गोळी जागेवर असेल तर तिला घासू नका, ठोकू नका, उष्णता लावू नका, उघडायला तर मुळीच जाऊ नका. परवान्यावाचून जिवंत काडतूस बाळगणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या. आणि माळावर, नदीकाठी, सरावाच्या मैदानाजवळ अशी एखादी धातूची वस्तू दिसली, तर अक्षरे वाचण्याच्या मोहाने जवळ जाऊ नका. मुलांना लांब करा आणि पोलिसांना कळवा. वाचण्याचे काम जाणकारांचे.

आम्हीही त्याच संध्याकाळी ठाण्यात फोन केला. दोघे पोलीस आले, कागद लिहिला आणि ते काडतूस वाळू भरलेल्या डब्यात ठेवून घेऊन गेले. जाताना एकाने विचारले, “आजोबांचं का?” आईने मान हलविली.

शिट्टी आमच्याकडेच राहिली. लक्ष्मीपूजनाला आईने ती पदकाशेजारी चौरंगावर मांडली. चिंचेने ती आता लख्ख उजळली आहे. मुलीने बुडावरची अक्षरे भिंग धरून वहीत उतरवून घेतली आणि खाली लिहिले: ‘खडकी, १९४२.’ त्याखाली काळ्या काडतुसाच्या चार खुणाही तिने आठवून लिहिल्या. ‘कोणासाठी’ या शब्दापुढची जागा मात्र तिने कोरी सोडली आहे.