परसदारी घामाची खोली

देवपुरात वाडीभोकर रोडकडे नवे बंगले वाढले, तसा माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. "डॉक्टरसाहेब, मागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे सौना बांधला तर चालेल का?" विचारणारे बहुधा मुलाकडे परदेशी जाऊन आलेले असतात, नाहीतर गुडघे धरलेले निवृत्त गृहस्थ असतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर गेला की अख्खा खान्देशच सौना होतो, त्यासाठी वेगळा खर्च कशाला, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण धुळ्याची थंडीही काही कमी नाही. जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, सांधे आखडतात, आणि उबेची गरज खरीच असते. म्हणून मी नाही म्हणत नाही. मात्र घरात कोणाला काय आजार आहेत आणि खोलीचे दार कसे असणार, हे आधी विचारतो.

सौना हा फिनलंडचा. तेथे लाकडी खोलीत दगड तापवून हवा ८० ते १०० अंशांपर्यंत नेतात. २०२० साली युनेस्कोने या परंपरेची वारसा म्हणून नोंद केली. पण ही कल्पना आपल्याला अगदीच नवी नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात घाम काढण्याचे अग्नीवरचे तेरा प्रकार आहेत. त्यातला 'जेन्ताक' म्हणजे जवळजवळ सौनाच! पाण्याजवळ मातीने लिंपलेली गोल खोली, सोळा अरत्नी रुंद (अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर), तिला पुष्कळ झरोके, भिंतीलगत बसायचा ओटा आणि मधोमध पुरुषभर उंचीची भट्टी. लाकडे पूर्ण जळून धूर गेल्यावरच रोग्याला तेल लावून आत पाठवायचे. त्याला आधी बजावून सांगायचे की, घाम आला, भोवळ आली तरी ओटा सोडू नकोस; सोडलास तर दार सापडणार नाही आणि जिवावर बेतेल. बाहेर यायचे ते ओट्याच्या कडेकडेने. आल्यावर लगेच थंड पाण्याला हात लावायचा नाही. मी ॲलोपॅथीचा माणूस, पण या सूचना वाचताना त्या लिहिणाऱ्याने भोवळ येऊन पडलेला रोगी पाहिला असावा, असे वाटते.

धूर गेल्यावरच आत जाण्याची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची चाल आहे. वर ओवा-शेपांची धुरी. थंडीत वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावतात, आणि कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. काही वर्षांपूर्वी अशा खोलीतून सकाळी बाळंतीण, तिची आई आणि बाळ यांना बाहेर काढावे लागले. सासऱ्यांनी दाराला खांदा दिला म्हणून तिघे वाचले. आदल्या रात्री दोघींचे डोके दुखत होते, मळमळत होते. घरच्यांना ते जागरण वाटले. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा परसदारच्या खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको. लाकडाची भट्टी हवीच असेल तर तिचे तोंड बाहेरच्या बाजूला आणि धुराडे छपराच्या वर हवे. त्यापेक्षा विजेचा हीटर बरा. सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि सात फूट उंच खोलीला साधारण साडेचार किलोवॉटचा हीटर पुरतो. त्याला स्वतंत्र जाड वायर, पक्के अर्थिंग आणि वायरमन ज्याला आर.सी.सी.बी. म्हणतात तो गळती होताच वीज तोडणारा स्विच पाहिजेच. घराच्या मीटरचा मंजूर भार आधी पाहावा. एका वेळेला चार-पाच युनिटे जातात, हेही गृहिणीला आधी सांगून ठेवावे!

जागेखाली काळी माती असेल तर ती उपसून मुरूम भरल्याशिवाय फरशी टाकू नये. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि चौकट वाकडी होते. इथे वाकडी चौकट म्हणजे अडकलेले दार, म्हणूनच मी डॉक्टर असून मातीचे सांगतो. दार बाहेरच उघडले पाहिजे. त्याला आत-बाहेर कोणतीच कडी नको, नुसत्या धक्क्याने उघडावे. हवा आत येण्यासाठी हीटरजवळ खाली एक झरोका, समोरच्या भिंतीला दुसरा. आत प्लायवूड, रंग, वार्निश लावू नये, तापल्यावर त्याची वाफ छातीत जाते. खिळ्यांची डोकी लाकडात खोल ठोकावीत, नाहीतर पाठीला डाग बसतो.

८० अंशांची हवा माणूस सोसतो कशी? ती कोरडी असते, घाम झटकन उडतो आणि कातडी गार राहते. वाफेच्या खोलीत हवा दमट, घाम उडत नाही, म्हणून तिथे पंचेचाळीस अंशही पुष्कळ होतात. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांना वाफेची पेटी पुरते. निसर्गोपचार केंद्रांत ती वापरतात. पेटीत बसायचे, डोके बाहेर, त्यावर ओला पंचा. १९४६ साली महात्माजींनी सुरू केलेल्या उरुळीकांचनच्या आश्रमात बाष्पस्नान आजही देतात. डोके थंड राहते आणि शेजारी माणूस उभा असतो, म्हणून वयस्करांना मी पेटीच सुचवतो.

फायदा काय? आखडलेले स्नायू सैलावतात, झोप चांगली लागते. फिनलंडमध्ये २,३१५ पुरुषांना सुमारे वीस वर्षे पाहिले. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने एकाएकी मृत्यू कमी आढळले. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मात्र ती लहानपणापासून सवय असलेली माणसे, आणि जे धडधाकट तेच वारंवार सौनात जात असतील, हीही शक्यता आहे. वजन मात्र कमी होत नाही. काट्यावर अर्धा किलो उतरतो तो घाम, चरबी नव्हे. तांब्याभर पाणी प्यायले की परत येतो.

छातीत दुखत असेल, नुकताच झटका येऊन गेला असेल, झडप अरुंद असेल, फिट येत असतील, किंवा दिवस गेले असतील तर आत जाऊ नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी विशेष जपावे. उष्णतेने ते रक्तात लवकर उतरते आणि साखर एकदम खाली येते. रक्तदाबाच्या, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मूल हवे असणाऱ्या पुरुषांनी काही महिने थांबावे, कारण अति उष्णतेने शुक्रजंतू घटतात. दारू पिऊन तर पाऊलही टाकू नये. आणि चढाओढ नको. २०१० साली फिनलंडमध्येच सौनात कोण जास्त वेळ बसतो याची जागतिक स्पर्धा झाली, ११० अंशांत. अंतिम फेरीत एक स्पर्धक दगावला. त्यानंतर ती स्पर्धाच बंद पडली.

सुरुवात सत्तर अंश आणि पाच मिनिटांनी करावी, पुढेही पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. उठण्याआधी दोन मिनिटे पाय खाली सोडून बसावे. एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरतो आणि माणूस हीटरवर पडतो. बाहेर आल्यावर मीठ घातलेले ताक घ्यावे. घरात कोणी नसताना आत जाऊ नये. होळीनंतर मुख्य स्विच बंद करून दार उघडे टाकावे, म्हणजे बुरशी धरत नाही. मग बायामंडळी तिथे गोधड्या, पापडाचे डबे ठेवतातच. डिसेंबरात पहिल्यांदा हीटर लावताना सगळे सामान बाहेर निघाले आहे ना, दगडांवर एखादा टॉवेल तर वाळत पडलेला नाही ना, हे स्वतः वाकून पाहावे.