पान झालेली गोगलगाय

सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त करणारी गोगलगाय आपल्या वाशीमच्या शेतकऱ्याला सांगायला नको. तिची एक समुद्री बहीण मात्र खाल्लेला हिरवेपणा जपून ठेवते!

नाव एलिसिया क्लोरोटिका. बिनशंखाची, पानासारखी पसरट, हिरवीगार. राहते उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. व्हॉचेरिया शेवाळाचा धागा टोचून ती रस शोषते. पण त्यातली हरितलवकं, सोयाबीनच्या पानात उन्हावर अन्न बनवतात तशीच, न पचवता आतड्याच्या पेशींत साठवते. प्रयोगशाळेत ती अन्नावाचून 9-10 महिने जगली आहे.

उन्हातून तिला किती पोषण मिळतं, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. हरितलवकांना लागणारी बहुतेक जनुकं तर शेवाळाच्या केंद्रकातच मागे राहतात. मग गोगलगायीच्या पेशींत ही हरितलवकं इतके महिने चालतात कशी? मी याच प्रश्नात अडकलोय.